मुलगा गाडी चालवायला लागला तर इन्शुरन्सचा प्रीमियम वाढतो का? (आणि बंपरचा क्लेम घेऊ की नको)

नमस्कार मंडळी, गाडीची पॉलिसी पुढच्या महिन्यात संपतेय आणि जितक्या जणांना विचारलं तितकी वेगळी उत्तरं आली, म्हणून इथे धागा काढतोय. इन्शुरन्समधलं कोणी असेल तर प्लीज सांगा.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, ११९७ सीसी, चार वर्षं होत आली. पासिंग साताऱ्याचं (एमएच ११), पण आता आम्ही पुण्यात, सिंहगड रोडला. आजवर क्लेम नाही, चालू पॉलिसीत एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतलेल्या वर्षांचा डिस्काउंट) ३५ टक्के म्हणजे यंदा ४५ मिळायला हवा. एनसीबी वजा व्हायच्या आधी ओडी (ओन डॅमेज, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम) साधारण ८००० दाखवतंय.

आता चिरंजीवांना पक्कं लायसन्स मिळालंय, वय १९. गाडी बाहेर काढताना सोसायटीच्या गेटच्या खांबाला मागचा बंपर घासला, डावा कोपरा फाटला, आतली क्लिप तुटली, आता चालताना खडखड वाजतं. गॅरेजवाला बंपर ४५०० आणि पेंट-मजुरी ३००० म्हणतोय. झिरो डेप (पार्टची झीज न कापता पूर्ण पैसे देणारं कव्हर) नाहीये माझ्याकडे.

माझी चुलत बहीण इंग्लंडला लेस्टरमध्ये असते, तिने मुलाचं नाव पॉलिसीत घातलं तर प्रीमियम असला वाढला की विचारू नका, तिकडे वय, लायसन्स कधीचं, पोस्टकोड, नोकरी काय, गाडी रात्री कुठे उभी असते सगळं विचारतात, शेवटी तिने गाडीत ब्लॅक बॉक्स (गाडी कशी चालवतात ते नोंदवणारं यंत्र) बसवून घेतला तेव्हा जरा कमी झालं. हे ऐकल्यापासून बायको मागे लागलीय की आपणही कंपनीला कळवा, नाहीतर उद्या काही झालं तर क्लेम रिजेक्ट करतील. एजंट म्हणतो, "काही गरज नाही हो सर, तुम्ही फक्त पेमेंट करा." (हा माणूस कशालाही हेच उत्तर देतो.) ऑनलाइन बघितलं तर गाडी नंबर टाकला की आकडा हजर, चालवणार कोण हे विचारतच नाहीत. मग चालवणारा कसा आहे हे यांना कळतं तरी कसं?

शिवाय एका कंपनीने मोबाइल ॲपवाला ॲडऑन दाखवलाय, नीट चालवलं तर डिस्काउंट. घ्यावा का?

———

प्रतिसाद:
मोटर इन्शुरन्समध्ये काम केलंय म्हणून सांगतो. आपल्याकडे दर ठरतो तो मुख्यतः गाडीवर, ड्रायव्हरवर नाही. थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीच्या कव्हरचा) दर सरकार ठरवतं, कंपनी कुठलीही असो. १ जून २०२२ ला जे दर लागू झाले त्यात १००० सीसीपर्यंत २०९४, १५०० पर्यंत ३४१६ आणि त्यावर ७८९७, वर जीएसटी. तिथे घासाघीस नाही. ओडीला आयडीव्ही (गाडीची विम्यात धरलेली किंमत), सीसी, गाडीचं वय आणि झोन बघतात. झोन ए म्हणजे मुंबई, पुणे धरून आठ मोठी शहरं, बाकी सगळं बी, आणि तो पासिंगवरून धरतात. त्यामुळे तुम्ही राहताय सिंहगड रोडला, पण गाडी झोन बी मध्ये, थोडा फायदाच. २००७ पासून ओडीचे दर मोकळे झालेत, म्हणून प्रत्येक कंपनी आपला डिस्काउंट लावते आणि एकाच गाडीला वेगवेगळे आकडे दिसतात.

ड्रायव्हर कसा आहे हे कंपनीला दिसतं ते जवळपास फक्त एनसीबीमधून. आणि एनसीबी मालकाचा असतो, गाडीचा नाही. गाडी विकली तरी तुमच्याबरोबर येतो.

मुलाचं काही कळवायला नको. पॉलिसीत ड्रायव्हर क्लॉज वाचा, तुमच्या परवानगीने व्हॅलिड लायसन्सवाला कोणीही चालवू शकतो. पण १५ लाखांचं पीए (वैयक्तिक अपघात) कव्हर फक्त ओनर-ड्रायव्हरचं, म्हणजे तुमचं. मुलाला लागलं तर त्यातून छदामही मिळणार नाही. वहिनींची काळजी तिकडे वळवा, त्याचं वेगळं अपघात कव्हर घ्या.

———

प्रतिसाद:
बंपरचा क्लेम अजिबात घेऊ नका. प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के डेप्रिसिएशन (झीज) कापतात, म्हणजे ४५०० चे २२५०. पेंट-मजुरीचे ३००० (पेंटच्या मटेरियलवर पण थोडं कापतात), त्यातून १००० कंपल्सरी डिडक्टिबल (प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः भरायची रक्कम). हातात फार तर चार हजार. तिकडे ४५ टक्के एनसीबी गेला म्हणजे ३६०० याच रिन्यूअलला गेले. पुढच्या वर्षी ५० च्या जागी २० मिळणार, अजून चोवीसशेच्या आसपास. आणि परत ५० वर जायला पाच क्लेम-फ्री वर्षं.

क्लेम घेऊन नवीन कंपनीत "क्लेम नाही" असं टिक करायचा शहाणपणा पण नको. जुन्या कंपनीकडून खात्री करून घेतात, नेमका मोठा क्लेम आला की ते बाहेर येतं.

———

प्रतिसाद:
ॲपबद्दल. इर्डाने (विमा नियामक) जुलै २०२२ मध्ये पे ॲज यू ड्राइव्ह आणि पे हाऊ यू ड्राइव्ह दोन्हीला परवानगी दिली. पहिलं किलोमीटरवर, दुसरं तुम्ही कसं चालवता त्यावर, म्हणजे करकचून ब्रेक, स्पीड, चालवताना फोन हातात घेणं वगैरे. मी दुसरं घेतलं होतं. माझं ॲप मी स्वारगेटहून रिक्षाने आलो की तो प्रवास पण माझ्याच नावावर टाकायचं, आणि रिक्षावाले कसे ब्रेक मारतात ते तुम्हाला माहितीये. दर वेळी आत जाऊन "मी चालवत नव्हतो" करायचं. तुमच्याकडे तर दोघं चालवणार, ॲप एकाच्या फोनमध्ये. वापर कमी असेल तर किलोमीटरवालं बघा.

———

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार! बंपर खिशातून करतोय, अर्धे पैसे चिरंजीवांच्या पॉकेटमनीतून. एक राहिलं, दोन ई-चलान आहेत गाडीवर, त्याने प्रीमियम वाढतो का?

———

प्रतिसाद:
चलानवरून वेगळा प्रीमियम लावायची सूचना इर्डाच्या एका कार्यगटाने २०२१ च्या सुरुवातीला केली होती, आधी दिल्लीत प्रयोग म्हणून. तुमच्या कोटेशनमध्ये तशी वेगळी लाइन दिसत नसेल तर लावलेला नाही. चलान भरून टाका मात्र.

आणि पॉलिसी संपायच्या आत रिन्यू करा. गॅप पडला की गाडीचं इन्स्पेक्शन होतं, फोटोत तो फाटका कोपरा आला की आधीचं डॅमेज म्हणून नोंद होते. ९० दिवसांच्या वर गेलात तर एनसीबी पण गेला. त्यामुळे आधी बंपर, मग पेमेंट, दोन्ही याच महिन्यात.