‘अतिवापर’, ‘व्यसन’ की ‘अनावर वापर’?

किशोरवयीन व तरुण मुलांच्या इंटरनेट-वापराविषयीचा मजकूर मराठीत आणताना ‘प्रॉब्लेमॅटिक इंटरनेट यूज’ या संज्ञेपाशी मी अडलो आहे. ‘समस्याग्रस्त वापर’ मला पटत नाही, कारण दुष्काळग्रस्त म्हणजे दुष्काळाने ग्रासलेला. त्या न्यायाने येथे ग्रासलेला असतो तो मुलगा, वापर नव्हे. ‘अतिवापर’ सुटसुटीत आहे, पण तो केवळ तास मोजतो. ‘व्यसन’ म्हणावे, तर तो शब्द दारू-तंबाखूपुरता राखून ठेवावा काय?

प्रतिसाद :

‘व्यसन’ हा शब्द मुळात पदार्थांपुरता नव्हताच. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायातील दहा कामज, म्हणजे इच्छेतून उपजणाऱ्या, व्यसनांत मद्यपानाबरोबर शिकार, द्यूत, दिवसा झोपणे आणि ‘वृथाट्या’, म्हणजे निष्कारण भटकणे, हीही येतात. (मध्यरात्री एकामागून एक रील सरकवत बसण्याला याहून नेमका शब्द सापडणे कठीण.) भर्तृहरीने तर ‘व्यसनं श्रुतौ’, म्हणजे शास्त्राभ्यासाचा ध्यास, हे महात्म्यांचे लक्षण मानले. तेव्हा अडचण परंपरेची नाही, आजच्या अर्थच्छटेची आहे. आज ‘व्यसनी’ म्हटले की शिक्का बसतो, आणि पंधरा वर्षांच्या मुलावर तो मारताना वैद्यकशास्त्रही हात राखते : जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात गेमिंगच्या विकाराला स्थान आहे, पण ‘इंटरनेटचे व्यसन’ असा स्वतंत्र विकार नाही. गेमिंग-विकाराच्या व्याख्येतही तासांची मर्यादा दिलेली नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर आवडी व रोजची कामे मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, हे सर्व साधारणपणे १२ महिने दिसले पाहिजे, असे ती सांगते. आठ तास ऑनलाइन अभ्यास करणारी मुलगी ‘अतिवापरा’त मोडेल, या व्याख्येत नाही.

म्हणून मी ‘अनावर वापर’ सुचवतो. झोप अनावर होते, रडू अनावर होते. तेथे आपण माणसाला दोष देत नाही, फक्त ताबा सुटल्याचे नोंदवतो. ‘आवर आता तो मोबाइल’ हे तर घरोघरी ऐकू येतेच. ‘नाद’ मात्र टाळावा. कोल्हापूरकडे ‘नाद खुळा’ ही शाबासकी आहे.

प्रश्नकर्ता :

‘अनावर’ स्वीकारतो, मात्र एक अपवाद ठेवून. ताबा शाबूत असतानाही, उदाहरणार्थ जाणूनबुजून दुसऱ्याला ऑनलाइन छळण्यात, वापर घातक असू शकतो. तेथे ‘अपायकारक वापर’ असे वेगळे लिहीन.