मदत हवी आहे: बाबांच्या घराची वाटणी कोर्टात न जाता कशी करायची? (नागपूर)

नमस्कार मंडळी, विषय घरचा आहे म्हणून नावं देत नाही. हनुमाननगरात बाबांनी स्वतःच्या पगारातून प्लॉट घेऊन बांधलेलं घर आहे, खाली तीन खोल्या वर दोन. बाबा मृत्युपत्र न करता गेले. मागे आम्ही चौघं, आई, दादा, मी अन् लहान भाऊ. खाली आई अन् दादाचं कुटुंब राहतं, वर मेडिकलला शिकणारी मुलं भाड्याने आहेत, लहान भाऊ पुण्याला अन् मी इकडे मानेवाड्याला.

लहान्याला पुण्यात फ्लॅट घ्यायचाय म्हणून त्याला हिस्सा आत्ताच पाहिजे, नाही दिला तर माझा भाग बिल्डरला विकतो म्हणून राहिला. दादा म्हणतो घर मी सांभाळलं, टॅक्सची पावती माझ्या नावाने येते, स्लॅब गळत होता तेव्हा वॉटरप्रूफिंगचे पैसे मीच घातले, कोणी विचारलं का? ते खरं आहे, त्याने केलं. पण वरचं भाडंही सगळं तोच ठेवतो अन् हिशोब विचारला की वहिनी उठून आत जातात. माझ्याबद्दल दोघांचंही एकच म्हणणं, तुझं लग्न केलं की बाबांनी, तुझा काय संबंध.

मला पैशाचा हव्यास नाही हो, मी माझा हिस्सा दादाला द्यायला तयार आहे, पण माझं नाव मोजलंच जाऊ नये याचं वाईट वाटतं, अन् आई? ती एकच म्हणते, मला याच घरात राहू द्या. यंदा महालक्ष्म्यांना लहान्याकडचं कोणी आलं नाही, आई पुरणाचा स्वयंपाक करत होती अन् डोळे पुसत होती. आता दोघंही वकील पाहून राहिले. दावा पडला तर वर्षानुवर्षं चालेल, तोवर आईचं काय? टॅक्स पावतीने घर खरंच दादाचं होतं का, लहान्याला बाहेरच्याला विकता येतं का, अन् आईला कोणी काढू शकणार नाही असं कागदावर कसं आणायचं, कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

बर्डीकर: ताई, आधी हिस्से डोक्यात पक्के करा. घर बाबांच्या स्वकमाईचं, मृत्युपत्र नाही, म्हणजे हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे आई, दोन मुलं, मुलगी सगळे समान, प्रत्येकी पाव. लग्नात किती खर्च झाला याने हिस्सा कमी होत नाही. लोक तुम्हाला 2005 ची दुरुस्ती (वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांसारखा हक्क देणारी) सांगतील, पण अशा घरात मुलीचा हिस्सा 1956 पासूनच आहे. अशा घरापुरतं 2005 ला एवढंच झालं की कलम 23 निघालं, त्याआधी भाऊ वाटणी करत नाहीत तोवर राहत्या घराची वाटणी बहिणीला मागता येत नसे.

टॅक्स पावतीने किंवा फेरफाराने (सरकारी नोंदीत नाव बदलण्याने) मालकी ठरत नाही. लहान भाऊ स्वतःचा पाव हिस्सा विकू शकतो, पण त्याच वारसा कायद्याच्या कलम 22 प्रमाणे तो आधी घेण्याचा हक्क बाकी वारसांचा. बाहेरच्याने घेतलाच तरी कुटुंबाच्या राहत्या घरात शिरून सोबत राहायचा हक्क त्याला मिळत नाही (मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 44), अन् त्याने वाटणीचा दावा केला तर 1893 च्या वाटणी कायद्याने घरचेच तो हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला परत घेऊ शकतात. हे लहान्याला नीट समजावून सांगा, बिल्डरची धमकी तिथेच अर्धी विरते.

खामल्याची काकू: आमच्या सासरी हेच झालं बाई. कायदा पाठ करून गेलीस तर भाऊ अजून चिडतील, आधी दोघंही ज्याचं ऐकतात असा एक मोठा माणूस मध्ये बसव. सरकारमान्य व्हॅल्युअरकडून घराची किंमत काढ, अन् एकाच कागदावर दादाचा वॉटरप्रूफिंगचा खर्च अन् भाड्याची आवक दोन्ही मांडा. गळतीचा खर्च त्याला मिळालाच पाहिजे, त्याने घर वाचवलं. पण भाडं चौघांचं. हा हिशोब समोर आला ना की आवाज खाली येतात. लहान्याला पैसे एकदम देणं जमत नसेल तर हप्ते बांधा, तारखा लिहा.

बर्डीकर: काकू बरोबर. फक्त लहान्याचा हिस्सा दादा पैसे देऊन घेणार असेल तर ते विना मोबदला हक्कसोडपत्र दाखवू नका, मुद्रांक वाचवायला लोक तसं करतात अन् पुढे तोच कागद भांडणाचं कारण होतो. ताई, तुमचं मात्र खरोखर मोबदल्याशिवाय असेल तर मुद्रांक 500 रुपये आहे, आधी 200 होता. पण सही सगळ्यात शेवटी करा. हिस्सा सोडण्याच्या कुठल्याही कागदावर आईची सही घेऊ नका, तिचा पाव हिस्सा तिच्याच नावाने राहू द्या, तेच तिचं खरं संरक्षण, अन् ती हयात असेपर्यंत खालच्या खोलीत राहील असं समझोत्यात वेगळं लिहून तो रजिस्टर करा. एकमत अडलं तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, दावा न टाकताही लोकअदालतीत प्रकरण नेता येतं, तिथला निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखा असतो अन् त्यावर अपील नाही. महिलांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

धागाकर्ती: खूप आभार दोघांचे. आईची सही घेऊ नका हे तर कोणीच बोललं नव्हतं, दादा तिचाही हिस्सा स्वतःच्या नावाने लिहून घ्यायचं म्हणत होता. मामांचं दोघंही ऐकतात, त्यांना बोलावते. एकच राहिलं, आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून बाबांचंच नाव आहे, ते आधी बदलावं लागेल का?

बर्डीकर: हो, आधी चौघांची वारस नोंद करून घ्या. मृत्यूचा दाखला अन् वारसांची कागदपत्रं घेऊन नगर भूमापन कार्यालयात अर्ज द्या. प्लॉट नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजवरचा असेल तर तिथेही नावं चढवावी लागतील. चारही नावं कागदावर आली की मामांसमोर बसा.