मदत हवी आहे: ४ टीबीच्या डिस्कवरची २०० जीबी जागा वापरता येत नाही

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याकडच्या दशावतारी नाटकांच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी मी संगणकावर उतरवून ठेवतोय. चित्राचा दर्जा जराही कमी करायचा नसल्याने रात्रभराचा एकेक प्रयोग शंभर जीबीच्या वर जातो. काही टेपांना बुरशी धरली आहे, त्यामुळे फार थांबता येणार नाही.

उबुंटूवर ४ टीबीची बाहेरची डिस्क ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) फॉरमॅट केलेली आहे. जागेचा हिशोब दाखवणारी डीएफ कमांड एकूण ३.६ टी, वापरलेले ३.४ टी आणि शिल्लक फक्त २० जी दाखवते. हिशोब जुळत नाही म्हणून फाइल सिस्टिमची सेटिंग दाखवणारी आणि बदलणारी ट्यून२एफएस कमांड -एल देऊन चालवून पाहिली. त्यात 'रिझर्व्ड ब्लॉक काउंट' (राखीव ब्लॉकची संख्या; ब्लॉक म्हणजे डिस्कवरच्या जागेचा ठरावीक तुकडा) सुमारे ४ कोटी ८८ लाख आहे. ब्लॉक ४०९६ बाइटचा, म्हणजे जवळजवळ २०० जीबी झाले. ही जागा कोणासाठी राखलेली आहे? मोकळी केली तर आधीच्या फाइलींना धोका आहे का? दुसरीकडे प्रत नसलेले प्रयोग त्यात आहेत, म्हणून विचारल्याशिवाय हात लावत नाही.

प्रतिसाद १:
फाइलींना धोका नाही. ईएक्सटी४ फॉरमॅट करताना ५ टक्के ब्लॉक रूटसाठी (सगळे अधिकार असलेला प्रशासक वापरकर्ता) बाजूला ठेवते. साध्या वापरकर्त्याने डिस्क काठोकाठ भरली तरी लॉग (कामकाजाच्या नोंदी) लिहिणाऱ्या सेवा चालू राहाव्यात आणि रूटला लॉगिन करून साफसफाई करता यावी, हा एक हेतू. दुसरा हेतू फाइलींचे तुकडे होऊ नयेत हा. मोकळी जागा फारच कमी उरली की सलग ब्लॉक सापडत नाहीत आणि फाइल विखरून लिहिली जाते. ही पद्धत ईएक्सटीच्याही आधीची आहे. बर्कलीच्या युनिक्समधली १९८० च्या दशकातली फास्ट फाइल सिस्टिम १० टक्के राखायची. तेव्हाच्या डिस्क काहीशे एमबीच्या असत. आज ४ टीबीवर तेच टक्क्यांचं गणित लावलं की आकडा अवाढव्य होतो.

तुमच्या डिस्कवर नुसता साठा आहे, तिथून ऑपरेटिंग सिस्टिम चालत नाही. ट्यून२एफएस ला -एम १ देऊन राखीव भाग १ टक्क्यावर आणा. त्यासाठी डिस्क अनमाउंट करायची (सिस्टिमपासून सोडवायची) गरज नाही. फक्त सुपरब्लॉकमधला (फाइल सिस्टिमची मूळ माहिती असलेला भाग) आकडा बदलतो, डेटा जागचा हलत नाही.

प्रतिसाद २:
सहमत, पण ऑपरेटिंग सिस्टिम जिथे असते त्या '/' विभाजनावर राखीव भाग शून्य टक्के करू नका. तिथे डिस्क भरली की लॉग थांबतात, सेवा कोसळतात. आणि दादा, जागा कशी वाढवायची हे नंतर बघा, आधी दुसरी डिस्क घेऊन प्रत काढा. एकाच डिस्कवर असलेला प्रयोग सुरक्षित म्हणता येणार नाही.

मूळ धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. १ टक्का केला. शिल्लक लगेच १७० जीच्या आसपास दिसू लागली आणि जुन्या फाइली उघडून तपासल्या, व्यवस्थित आहेत. सर्वात खराब टेप आज रात्रीच लावतो. प्रतीसाठी नवी डिस्क मागवली आहे. ती फॉरमॅट करतानाच काही काळजी घ्यायची का?

प्रतिसाद १:
हो. फॉरमॅट करणाऱ्या एमकेएफएस कमांडला -एम ० सोबत '-टी लार्जफाइल' (टी कॅपिटल) द्या. एरवी दर १६ केबीमागे २५६ बाइटचा एक आयनोड (एका फाइलीची माहिती ठेवणारी नोंद) आखला जातो. ४ टीबीवर त्या तक्त्यांनाच साठेक जीबी लागतात, आणि ते डीएफच्या एकूण आकड्यातही धरलेले नसतात. लार्जफाइलने दर १ एमबीमागे एक आयनोड होतो. तुमच्या मोजक्या, मोठ्या फाइलींना तेवढे पुष्कळ झाले. राखीव टक्केवारी नंतर केव्हाही बदलता येते, आयनोडचं हे प्रमाण मात्र फॉरमॅट करतानाच ठरवावं लागतं.