ताई ची: आधी पाय, मग हात

ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम शिकताना पहिल्याच महिन्यात २४ हालचालींचा संच पुरा करावा, ही सूचना मला पटत नाही. १९५६ साली चीनमध्ये बसवलेला हा संच सोपा खरा, पण साठीपुढच्यांना आधी वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं जमायला हवं. गुडघे दुखतात ते बहुधा इथेच: भार असलेल्या पायावर वळलं की पाऊल जमिनीला चिकटून राहतं आणि पीळ गुडघ्यात जातो. म्हणून आधी वजन मागच्या पायावर घ्या, पुढची टाच टेकलेली ठेवून चवडा वळवा, मगच भार पुढे. गुडघा आत तर अजिबात झुकू देऊ नका. दोन्ही पावलं एका रेषेत आली की तोल जातोच. मध्ये वीतभर रुंदी हवी. हातांची घाई नको. शेजारी जड खुर्ची असू द्या, चाकांची नको.