सेकंड लाइफ : एकाच अवताराची अनेक रूपे जतन करताना मांडणी कशी ठेवावी?

रानजाई (मूळ प्रश्न)

नमस्कार. सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात मी एकाच खात्यावर माझ्या अवताराची तीन रूपे वापरते. चर्चासत्रांसाठी पिकल्या केसांचे प्रौढ रूप, नृत्याच्या कार्यक्रमांसाठी लांब केस आणि उंच टाचांचे रूप, आणि एका भूमिकाखेळासाठी शिंगे व शेपटी असलेले वनचर रूप. तिन्ही रूपे मी स्वतः सवडीने घडवली आहेत आणि तिन्हींवर माझा सारखाच जीव आहे. प्रत्येक रूप मनासारखे जुळले की ते मी आउटफिट, म्हणजे अंगावरच्या सर्व गोष्टींचा संच, म्हणून जतन करते, परंतु काही दिवसांनी तेच रूप पुन्हा चढवले की ते जसेच्या तसे परत येत नाही.

नेमक्या अडचणी अशा आहेत. प्रौढ रूपासाठी मी गाल थोडे बसके केले आणि खांदे झुकवले, तर नृत्याच्या रूपाचा चेहराही तसाच ओढलेला दिसू लागला. टाचांचे बूट चढवले की पाऊल सपाटच राहते आणि बुटाच्या तळातून बाहेर डोकावते. वनचर रूपात नुसते केस बदलले तरी शिंगे नाहीशी होतात. याशिवाय इन्व्हेंटरी (माझ्या वस्तूंचा साठा) इतकी फुगली आहे की एखादी वस्तू शोधण्यापेक्षा ती नव्याने घेणे सोपे वाटू लागले आहे.

अनुभवी मंडळी ही रूपे कशी ठेवतात? प्रत्येक रूप डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण जतन करावे, की शरीर एकीकडे आणि कपडे दुसरीकडे असे तुकड्यांनी ठेवावे? फोल्डरांना नावे देण्याची काही पद्धत असल्यास तीही कृपया सांगावी.

दीपमाळ

आपल्या पहिल्या आणि तिसऱ्या अडचणीचे कारण व्ह्यूअरच्या, म्हणजे सेकंड लाइफ चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, रचनेत आहे आणि ते एकदा नीट लक्षात आले की पुढची मांडणी बरीचशी आपोआप सुचते.

आउटफिट जतन केल्यावर ‘आउटफिट्स’मध्ये जो फोल्डर तयार होतो, त्यात वस्तू नसतात, मूळ वस्तूंकडे बोट दाखवणाऱ्या लिंक असतात. त्यामुळे एकच शेप (चेहऱ्याची व अंगाची ठेवण) दहा आउटफिटांत असला, तरी प्रत्यक्षात तो एकच शेप असतो. तो घातलेला असताना आपण गालाची किंवा खांद्याची पट्टी सरकवून ‘सेव्ह’ केले, की बदल मूळ शेपमध्ये लिहिला जातो आणि तो जिथे जिथे जोडलेला आहे त्या प्रत्येक रूपात दिसतो. आपल्या नृत्याच्या रूपाचा चेहरा याच कारणाने बदलला. यावर उपाय म्हणजे शेप संपादित करताना ‘सेव्ह’ऐवजी ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नव्या नावाने वेगळा शेप तयार करणे आणि तो घातलेल्या स्थितीत ते आउटफिट पुन्हा जतन करणे. प्रत्येक रूपाला स्वतःचा शेप असावा, मग दोन रूपांत फरक केवळ हनुवटीचा का असेना. चेहऱ्यावरची ओळख शेपमध्येच असते, म्हणून या एका बाबतीत काटकसर करू नये असे माझे ठाम मत आहे.

हीच गोष्ट अंगावर जोडलेल्या वस्तूंनाही लागू होते. केस किंवा चष्मा किंचित वर सरकवला, तर ती नवी जागा त्या वस्तूतच नोंदली जाते. एका डोक्याला नीट बसवलेला चष्मा दुसऱ्या डोक्यावर नाकात रुतलेला दिसतो तो त्यामुळे. वस्तूची प्रत करता येत असेल, तर प्रत्येक रूपासाठी तिची वेगळी प्रत ठेवावी आणि बदलता येत असेल, तर त्या प्रतीच्या नावात रूपाचे नावही घालावे. ही नोंद महत्त्वाची आहे, कारण लिंकला स्वतंत्र नाव देता येत नाही. मूळ वस्तूचे जे नाव, तेच लिंकचे.

शिंगांबद्दल : ‘वेअर’ आणि ‘अ‍ॅड’ या दोन आज्ञा एक नाहीत. ‘वेअर’ केल्यावर त्याच जोडबिंदूवर (वस्तू अंगाला जिथे अडकते त्या जागी) आधी असलेली वस्तू उतरवली जाते. ‘अ‍ॅड’ केल्यावर दोन्ही राहतात. आपली शिंगे आणि आपले केस दोन्ही कवटीच्या बिंदूला जोडलेले असणार. एकतर केस नेहमी ‘अ‍ॅड’ने घालावेत आणि जुने हाताने उतरवावेत, किंवा त्याहून चांगले म्हणजे शिंगे एकदाच ‘अटॅच टू’ वापरून कपाळाजवळच्या दुसऱ्या बिंदूला, उदाहरणार्थ नाकाच्या बिंदूला, जोडावीत आणि तिथून जागेवर सरकवून घ्यावीत. तो बिंदू लक्षात राहतो आणि पुढे केस कितीही वेळा बदलले तरी शिंगांना धक्का लागत नाही. जोडवस्तूंची मर्यादा एकूण ३८ आहे, म्हणून उगाच भरमसाट वस्तूही अडकवू नयेत. वनचर रूपात ती मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते.

कोरीवलेणे

पावलांच्या अडचणीबद्दल लिहितो, कारण मेश बॉडी (मूळ अवतारावर चढवायचे वेगळे घडवलेले शरीर) वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ती येते.

आउटफिट ‘काय घातले आहे’ एवढेच लक्षात ठेवते. हडवर (HUD, म्हणजे आपल्याच पडद्यावर दिसणारी बटणांची पाटी) आपण काय दाबले होते, हे त्याला ठाऊक नसते. पाऊल सपाट की टाचेवर उचललेले, शरीराचा कोणता भाग कपड्याखाली लपवला आहे, नखांचा रंग कोणता, हे सारे बॉडीच्या हडवरून ठरते आणि ते त्या बॉडीच्या वस्तूतच साठते. म्हणून चर्चासत्राचे रूप उतरवून नृत्याचे रूप चढवले, की बूट बदलतात पण बॉडी तीच राहते आणि तिचे पाऊलही शेवटी ज्या स्थितीत होते त्याच स्थितीत राहते.

बहुतेक मेश बॉडींची प्रत करता येते. तेव्हा इन्व्हेंटरीत बॉडीची एक प्रत करावी, ती अंगावर घ्यावी, हडवरून पाऊल उंच टाचेचे करावे, त्या पोशाखाखाली जे भाग लपवायचे ते लपवावेत आणि मग नृत्याचे आउटफिट जतन करावे. दुसरी प्रत सपाट पावलाची. आता रूप बदलताना बॉडीही बदलते आणि हड उघडण्याची गरज उरत नाही. एक अडचण मात्र येते. या बॉडी सहसा बदलता न येणाऱ्या असतात, त्यामुळे प्रतींचे नाव बदलता येत नाही आणि यादीत एकाच नावाच्या दोन ओळी दिसतात. त्यासाठी प्रत्येक प्रत स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवून नाव त्या फोल्डरला द्यावे : ‘बॉडी – उंच टाच’, ‘बॉडी – सपाट’. फोल्डरला हवे ते नाव देता येते.

त्वचेच्या बाबतीत परिस्थिती पूर्वीपेक्षा खूपच सुधारली आहे. २०१९ मध्ये बेक्स ऑन मेश आले. त्यापूर्वी मेश बॉडीवर त्वचा, गोंदण, रंगभूषा हे सर्व अप्लायर हडने, म्हणजे चित्र थेट मेशवर चढवणाऱ्या हडने, लावावे लागे आणि आउटफिटमध्ये त्याची नोंद राहत नसे. आता स्किन, गोंदण, रंगभूषा हे थर म्हणून घातले जातात, सर्व्हर ते एकत्र करून मेशवर उमटवतो आणि थर असल्यामुळे ते आउटफिटसोबत जतनही होतात. म्हणून एखाद्या उत्पादनात अप्लायर आणि बेक्स ऑन मेश असे दोन्ही पर्याय असतील, तर निःशंकपणे दुसरा निवडावा. आपल्या प्रौढ रूपाच्या सुरकुत्या आणि डोळ्यांखालची वर्तुळे थरांच्या स्वरूपात असतील, तर ती त्या रूपासोबत येतील आणि त्याच्यासोबतच जातील. एकाच प्रकारच्या थरांत कोणता वर आणि कोणता खाली, हा क्रमही जतन होतो. रंगभूषेवर सुरकुती की सुरकुतीवर रंगभूषा, याने चेहऱ्यात केवढा फरक पडतो ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. थरांची मर्यादा ६० असल्याने तिथे अडचण सहसा येत नाही.

एक आनुषंगिक गोष्ट. रूप जुळवून झाले की हड उतरवूनच आउटफिट जतन करावे. बॉडी, डोके आणि केस यांचे हड आउटफिटमध्ये अडकून राहिले, की प्रत्येक वेळी पडदा भरून जातो आणि ३८ च्या मर्यादेतही ते मोजले जातात.

सांजवारा

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु आपण जो मूळ प्रश्न विचारला, म्हणजे पूर्ण रूप की तुकडे, त्याचे उत्तर अजून राहिले आहे.

पुष्कळ जण प्रत्येक पोशाखासाठी डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण आउटफिट जतन करतात. ते दिसायला सोयीचे असले, तरी माझ्या मते वाढत्या संग्रहाला ते मानवत नाही. डोक्याची नवी आवृत्ती आली, की ती इन्व्हेंटरीत नवी वस्तू म्हणून येते आणि सगळी जुनी आउटफिटे जुन्याच डोक्याकडे बोट दाखवत राहतात. पूर्ण आउटफिटे जितकी जास्त, तितकी दुरुस्ती जास्त.

मी रूप आणि पोशाख वेगळे ठेवतो. रूपाच्या आउटफिटमध्ये शेप, स्किन, डोळे, डोके, बॉडी, नेहमीचे केस आणि चालण्या-उभे राहण्याच्या लकबींचा एओ (अ‍ॅनिमेशन ओव्हरराइडर) एवढेच असते. ते ‘रिप्लेस करंट आउटफिट’ने चढवायचे, म्हणजे आधीचे काहीही अंगावर उरत नाही. पोशाखाच्या आउटफिटमध्ये केवळ कपडे, दागिने, पादत्राणे आणि लागल्यास अल्फा थर (शरीराचा भाग अदृश्य करणारे) असतात. ते ‘अ‍ॅड टू करंट आउटफिट’ने रूपावर चढवायचे आणि ‘रिमूव्ह फ्रॉम करंट आउटफिट’ने उतरवायचे. कोरीवलेणे यांनी सांगितलेल्या टाचेच्या बॉडीला या पद्धतीत थोडी अडचण होते, कारण बूट पोशाखात आणि पाऊल रूपात राहते. त्यासाठी नृत्याच्या रूपाच्या दोन आवृत्त्या ठेवणे मला अधिक पटते. पोशाखात बॉडी घालू नये, नाहीतर दोन बॉडी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात.

एओबद्दल विशेष सांगावेसे वाटते. लोक चेहऱ्यावर अमाप कष्ट घेतात आणि तिन्ही रूपांना एकच चाल ठेवतात. प्रौढ व्यक्तीची चाल आणि वनचराची चाल एक असेल, तर शेप कितीही निराळा असला तरी पाहणाऱ्याला ती एकच व्यक्ती वाटते. फायरस्टॉर्म व्ह्यूअरमधला अंगभूत एओ आउटफिटनुसार आपोआप बदलत नाही. त्यामुळे प्रत्येक रूपासाठी वेगळी चाल हवी असेल, तर हड स्वरूपातला एओ वापरून तो त्या रूपाच्या आउटफिटमध्ये घालावा. वरच्या उत्तरातील ‘हड उतरवून जतन करा’ या नियमाला हा एकच अपवाद.

नावांबद्दल. यादी वर्णक्रमाने लागते, म्हणून नावाची सुरुवात प्रकाराने करावी : ‘रूप – प्रौढ’, ‘रूप – नर्तकी’, ‘रूप – वनचर’, मग ‘पोशाख – ’ने सुरू होणारे सर्व. निर्मात्याचे नाव आउटफिटच्या नावात घालू नये. ते मूळ वस्तूंच्या फोल्डरांसाठी ठेवावे, कारण तिथे अद्ययावत आवृत्ती शोधताना निर्माताच आठवतो. मूळ वस्तू अंगावरच्या जागेप्रमाणे लावाव्यात आणि डेमो (चाचणीसाठीचे नमुने) पाहून झाल्याबरोबर काढून टाकावेत. इन्व्हेंटरी फुगण्याचे सर्वांत मोठे कारण डेमो आणि न उघडलेली खोकी हेच असते.

रानजाई

तिघांचेही मनःपूर्वक आभार. शेप वेगळे करताच नर्तकीचा चेहरा पुन्हा घडवता आला आणि शिंगे आता केसांपासून स्वतंत्र आहेत. रूप आणि पोशाख वेगळे ठेवण्याची पद्धत मला फारच पटली.

वनचर रूपाबाबत दोन शंका अजून आहेत. त्याचे पाय प्राण्यासारखे मागे वाकलेले असल्याने ते जमिनीत थोडे बुडते. मी उंचीची पट्टी वर सरकवते, परंतु मग नर्तकीचे रूप हवेत तरंगते. शिवाय वनचरावरून प्रौढ रूपावर आल्यावर गुडघे कधी कधी विचित्र वाकलेलेच राहतात. दुसरे असे की, मूळ वस्तू आता जागेप्रमाणे लावायला घेतल्या, तर जतन केलेली रूपे मोडतील का?

दीपमाळ

आपण सरकवता ती ‘हॉवर हाइट’ची पट्टी आउटफिटमध्ये जतन होत नाही, म्हणून ती सर्व रूपांना एकसारखी लागू होते. ती पूर्ववत शून्यावर आणावी आणि त्याऐवजी वनचराच्या शेपमध्येच ‘हॉवर’ नावाची जी पट्टी असते, ती वाढवावी. ती शेपचा भाग असल्याने केवळ त्या रूपापुरती राहील. आता शेप वेगळे केलेच आहेत, तेव्हा हे काम दोन मिनिटांचे आहे.

गुडघ्यांचे कारण असे की प्राण्याचे पाय बसवताना ती मेश सांगाड्याच्या सांध्यांच्या जागा बदलते आणि रूप उतरवल्यावरही तो बदल कधी कधी टिकून राहतो. अवतारावर उजवी क्लिक करून ‘रिसेट स्केलेटन’ दिले की सांगाडा मूळ जागी येतो. दुसऱ्या कोणाच्या पडद्यावर आपण वाकड्या दिसत असाल, तर त्यांनीही आपल्या अवतारावर तीच आज्ञा द्यावी लागते, कारण तो बिघाड प्रत्येकाच्या व्ह्यूअरमध्ये स्वतंत्रपणे उरतो.

वस्तू हलवण्याची भीती बाळगू नये. मूळ वस्तू इन्व्हेंटरीत एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेली, तरी लिंक तुटत नाही. लिंक तुटते ती मूळ वस्तू कायमची पुसल्यावर. म्हणून आवराआवर करताना कचरापेटी लगेच रिकामी करू नये; आधी तिन्ही रूपे एकेकदा चढवून पाहावीत आणि काही निसटले असल्यास ते पेटीतून परत घ्यावे. प्रत न करता येणाऱ्या वस्तूंची मात्र वेगळी काळजी घ्यावी. अशी वस्तू दुरुस्तीसाठी जमिनीवर मांडली की ती इन्व्हेंटरीतून निघून जाते आणि परत घेतल्यावर जुन्या लिंक तिला ओळखतीलच असे नाही. तिच्यात जे काही बदलायचे ते अंगावर असतानाच बदलावे.

डोक्याची किंवा बॉडीची नवी आवृत्ती आल्यावर फायरस्टॉर्ममध्ये ‘रिप्लेस लिंक्स’ची सोय उपयोगी पडते. त्यात जुनी वस्तू आणि नवी वस्तू दाखवली, की सर्व आउटफिटांतील जुन्या वस्तूच्या लिंक एकाच वेळी नव्या वस्तूकडे वळतात. ते करण्यापूर्वी नव्या बॉडीच्या टाचेच्या आणि सपाट पावलाच्या दोन प्रती हडवरून तयार करून ठेवाव्यात आणि टाचेच्या जुन्या प्रतीला टाचेची नवी, सपाट जुनीला सपाट नवी अशी जोडी लावून अदलाबदल दोनदा करावी.