मॉडेल विमान वर चढताना इंजिन बंद पडतं, नीडल कुठे चुकतेय?

प्रश्न

नमस्कार. मी नाशिकचा, दीड वर्षापासून ट्रेनर (रिमोटवर उडणारं, शिकण्यासाठीचं मॉडेल विमान) उडवतोय. ४६ साइजचं दोन-स्ट्रोक ग्लो इंजिन, ११ बाय ६ चा प्रॉप (पंखा), इंधनात १० टक्के नायट्रो आणि १८ टक्के तेल. हाय नीडल (फुल थ्रॉटलला किती इंधन जावं ते ठरवणारा स्क्रू; आत फिरवला की इंधन कमी) शनिवारी भर दुपारी लावली. आत फिरवत गेलो आणि सगळ्यात चढा सूर लागला तिथे थांबलो. जमिनीवर इतकं सुरेख वाजत होतं!

रविवारी सकाळी सातला मैदानावर गेलो. थंडीने बोटं आखडली होती. उड्डाण नीट झालं, पण नाक वर काढल्यावर तीन-चार सेकंदांत आवाज खाली आला आणि इंजिन बंद. हरभऱ्याच्या शेतात उतरवलं, पुढच्या चाकाची तार वाकली. प्लग बदलून पुन्हा उडवलं, पुन्हा तेच. हे विमान मी आणि माझ्या मुलीने मिळून बांधलंय. दुसऱ्या वेळी तिचा चेहरा बघवला नाही. लो नीडल (कमी वेगाला इंधन ठरवणारा स्क्रू) फिरवू का?

प्रतिसाद १

लो नीडलला सध्या हात लावू नका. फुल थ्रॉटलवर बंद पडतंय, म्हणजे आधी हाय नीडल बघायची.

तुम्ही थांबलात तो चढा सूर हीच चूक आहे. नाक वर केलं की टाकी कार्ब्युरेटरच्या खाली जाते, इंधन वर ओढावं लागतं, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. टाकी रिकामी होत जाते तसं आणखी लीन. त्यात दुपारची हवा विरळ आणि सकाळची गार, दाट. हवा जास्त आली, नीडल मात्र दुपारचीच राहिली.

ही गोष्ट मनावर घ्या, कारण या इंजिनात वेगळं ऑइल नसतं. तेल इंधनातच असतं. इंधन कमी म्हणजे तेल कमी आणि उष्णता जास्त, पिस्टन आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) एका फ्लाइटमध्ये खराब होऊ शकतात. लायनरवर चरे पडलेलं इंजिन मी स्वतःच्या हातात धरलंय, फार वाईट वाटतं.

फुल थ्रॉटलवर कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठा आणि तिथून नीडल बाहेर काढत ३००-४०० आरपीएम खाली आणा. मग कोणाला तरी विमान घट्ट धरून नाक सरळ आकाशाकडे करायला सांगा. आवाज किंचित चढला किंवा तसाच राहिला तर ठीक. पडला तर अजून उघडा. नीडलला हात नेहमी प्रॉपच्या मागून घाला, कधीही पुढून वाकून नाही. आणि मुलीला प्रॉपच्या रेषेत उभी राहू देऊ नका.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, पण त्याआधी टाकी बाहेर काढून बघा. आतली क्लंकची (टाकीत इंधनाबरोबर हलणाऱ्या वजनाची) नळी चिरली असेल तर हवा ओढली जाते आणि नीडल कितीही फिरवा, सेटिंग टिकत नाही. मफलरकडून टाकीत दाब आणणारी नळीही तपासा. टाकीची मध्यरेषा नीडलच्या उंचीला किंवा सेंटिमीटरभर खाली हवी. भोवती फोम आहे ना? नसेल तर कंपनाने इंधनाला फेस येतो.

प्रश्नकर्ता

आज टाकी काढली. क्लंकची नळी ठीक होती, पण मफलरची नळी जिथे निपलवर बसते तिथे बारीक चीर होती! नळी बदलली. कमाल १२,४०० आरपीएम मिळाले, तिथून १२,००० वर आणलं. नाक वर केल्यावर आवाज थोडा चढला. मागे पांढऱ्या धुराची रेघ दिसतेय, आधी ती जवळजवळ नव्हतीच. आता आयडलवरून (सगळ्यात मंद वेगावरून) एकदम थ्रॉटल दिलं की क्षणभर गुरगुरतं आणि भरपूर धूर सोडतं.

प्रतिसाद १

आता लो नीडलची पाळी. इंजिन अर्धा मिनिट आयडलवर ठेवा आणि कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबा. तीन-चार सेकंद चालून, आरपीएम जरासं वाढून बंद पडलं तर बरोबर. लगेच बंद पडलं तर लीन. बराच वेळ वाढत राहिलं तर रिच (इंधन जास्त), तुमचं बहुतेक हेच आहे. लो नीडल एका वेळी घड्याळातल्या पाच मिनिटांएवढीच आत फिरवा. त्यानंतर हाय नीडल पुन्हा एकदा तपासा, कारण एक हलली की दुसरीही थोडी सरकते. पहिली फ्लाइट उंचावर घ्या आणि मैदान ग्लाइडच्या आवाक्यात ठेवा.