३० हजारांत ग्राफिक्स कार्ड: ५०६० की ९०६० एक्सटी? (जुना बी४५० बोर्ड)

चौथी_सीट
नमस्कार मंडळी. प्रोसेसर रायझन ५ ३६००, मदरबोर्ड बी४५०, १६ जीबी रॅम, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय, मॉनिटर १०८०पी १४४ हर्ट्झ. गेम खेळतो, शनिवार-रविवारी ब्लेंडरमध्ये थ्रीडी काम. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० घेऊ की एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी? बजेट ३० हजार, त्यावर एक रुपयाही नाही. लॅमिंग्टन रोडवर जाऊन घेणार आहे.

लोअरपरळ
सरळ ५०७० घ्या. मी तेच घेतलंय, १४४०पीलाही सगळं मस्त पळतं. १२ जीबी, २५० वॉट. पॉवर सप्लाय मात्र ६५० चा करावा लागेल.

मीठागर
अहो, बजेट ३० हजार लिहिलंय. शिवाय १०८०पीवर ३६०० प्रोसेसरच मागे पडेल, ५०७० ला पुरेसं कामच मिळणार नाही.

चौथी_सीट, तुमच्या बाबतीत बोर्ड महत्त्वाचा. बी४५० म्हणजे पीसीआयई ३.० (कार्ड आणि बोर्डमधली डेटाची वाट, तिचे पदर म्हणजे लेन). ५०६० ला फक्त ८ लेन आहेत, ९०६० एक्सटीला १६. पीसीआयई ५.० बोर्डवर ८ लेन भरपूर होतात. तुमच्याकडे मात्र ८ लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी जातील, १६ लेनमधून त्याच्या दुप्पट. कार्डाची मेमरी पुरते तोवर फरक थोडाच. ५०६० ची ८ जीबी भरली की टेक्स्चर साध्या रॅममधून याच वाटेने यायला लागतात आणि गेम झटके खातो. सरासरी फ्रेम चांगले दिसतात, पण वळण घेतलं की अडकतो. ५०६० घेतलंत तर टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आणा, बहुतेक ठिकाणी तेवढ्याने भागतं.

गिरगावकर
इंटेलचं आर्क बी५८० कोणी सुचवलं नाही? १२ जीबी मेमरी आहे. माझ्याकडे वर्षभर उत्तम चाललंय.

मीठागर
तुमचा प्रोसेसर नवा असणार. बी५८० चा ड्रायव्हर प्रोसेसरवर फार भार टाकतो, ३६०० वर फ्रेम पडतात. रीसायझेबल बारही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतोच. त्यासाठी बायोस अपडेट, मग त्यातच सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करायची सोय) बंद, अबव्ह ४जी डिकोडिंग चालू. विंडोजची डिस्क जुन्या एमबीआर मांडणीची असेल तर सीएसएम बंद केल्यावर मशीन सुरूच होणार नाही, आधी ती नव्या जीपीटी मांडणीत करून घ्या.

भांडुपकर
९०६० एक्सटीला +१. १६ लेन आहेत. पण ते ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत येतं, घ्यायचं तर १६ चंच. दोन्हींच्या खोक्यावर नाव एकच असतं, काउंटरवर मेमरीचा आकडा वाचूनच पैसे द्या.

लोअरपरळ
मीही तेच म्हणतोय, थोडे पैसे वाढवा.

दर्यासारंग
कार्ड कुठलंही घ्या, युपीएस कोणता आहे? ६०० व्हीएचा साधारण ३६० वॉटच देतो. गेम चालू असताना वीज गेली की तोही बंद पडेल. समुद्राजवळ राहत असाल तर आणखी एक. खाऱ्या दमट हवेने कार्डाचे सोनेरी पॉइंट काळवंडतात आणि मग डिस्प्ले येत नाही. लोक कार्ड जळालं समजून दुकानात धावतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, परत बसवा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, नाहीतर बेअरिंग जातं.

गिरगावकर
युपीएसचा वेगळा धागा काढा हो.

चौथी_सीट
सगळ्यांचे आभार. दोन दुकानांत फोन केला, १६ जीबीचं ९०६० एक्सटी बजेटबाहेर आहे. आरटीएक्स ३०६० १२ जीबी घ्यायचं ठरवलंय. नवं, सीलबंद, बजेटमध्ये. लेन १६ आणि मेमरी १२ जीबी. ब्लेंडरला ऑप्टिक्सही (एनव्हिडियाची जलद रेंडरची सोय) मिळेल.

भांडुपकर
२०२१ चं कार्ड आता? ५०६० वेगात बरंच पुढे आहे. ३०६० ला डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करून फ्रेम वाढवणं) चालेल, पण त्यातलं फ्रेम जनरेशन (मधले जास्तीचे फ्रेम एआयने बनवणं) मिळणार नाही.

चौथी_सीट
कल्पना आहे. माझे ब्लेंडरचे सीन ८ जीबीत मावत नाहीत, फ्रेम कमी मिळाले तरी चालतील.

मीठागर
मग ८ जीबीचं ३०६० गळ्यात पडू देऊ नका, तेही बाजारात आलं होतं. त्याची बस (मेमरीची वाट) १२८ बिट, १२ जीबीवाल्याची १९२. कच्च्या बिलावर घेऊ नका. पक्क्या बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि तो खोक्यावरच्या आणि कार्डावरच्या नंबरशी तिथेच जुळवा. कॅबिनेटची आतली लांबी मोजून जा, पुढचा पंखा अडीच सेंटिमीटर खातो.

केबल पॉवर सप्लायची ६+२ पिनचीच. ४+४ ची प्रोसेसरची असते, ती दाबून बसवू नका. आधीचं कार्ड एएमडीचं रेडिऑन असेल तर सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) जुना ड्रायव्हर काढून मगच मशीन उघडा.